पंख्याखालचा कौल

धोंडू गुरवाला देवाशी बोलायची सवय जास्त, माणसांशी कमी. कापडगिरणीत होता तेव्हा साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात बोलून काही उपयोग नसे. गिरणी गेली आणि तो कांदिवलीत एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसला. तिथं मोटारी हॉर्न वाजवत, तो फाटक उघडत असे. पण रविवारी सकाळी आंघोळ करून, उघड्या अंगावर पंचा घेऊन तो घरातल्या देवापुढे उभा राहिला, की तोच धोंडू वेगळा दिसे. आवाज पोटातून येई. कोकणातल्या गावचा रवळनाथ जणू शेजारच्या खोलीत बसलाय आणि धोंडू त्याला हाक मारतोय, असं ऐकणाऱ्याला वाटे.

देव म्हणजे एक काळा पाषाण. गावच्या देवळामागच्या ओढ्यातला. बापाच्या परवानगीनं त्यानं तो मुंबईला आणला होता. सोसायटीच्या कुंपणाला लाल फुलांची झुडपं होती. मुंबईचे लोक त्यांना शोभेची म्हणत, धोंडू पिटकोळी म्हणे. त्या फुलांच्या पाकळ्यांना पाणी लावायचं, पाषाणाच्या डाव्याउजव्या अंगाला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि गप्प उभं राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा गावच्या जमिनीचा वाद, कुणाची गावाकडे हरवलेली म्हैससुद्धा. कांदिवलीतले कोकणी लोक धोंडूकडे येत आणि धोंडू पाकळी पडेल ती सांगे. डावीला उजवी तो कधी म्हणाला नाही. त्याच्याकडे पोथी नव्हती. गुरवाचं शास्त्र तोंडातून कानात जातं. बापानं त्याच्या कानात एक गोष्ट घातली होती:

"धोंड्या, विहिरीत पाणी आसा काय, ह्या देवाक विचारूचा नाय. वाकान बघूचा."

नात जान्हवी सहा वर्षांची झाली तेव्हा हे वाक्य त्याला पुन्हा आठवलं.

पोर धावायला लागली की दमे. इतर मुलं पकडापकडी खेळत, ही पायरीवर बसून "मी अंपायर" म्हणे. खोकला धरला की महिना महिना सोडत नसे. शेवटी मुलगा हर्षद तिला अंधेरीच्या बाजूच्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. धोंडूही गेला. डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या छातीवर थंड मलम लावून यंत्र फिरवलं आणि पडद्याकडे बोट केलं.

"आजोबा, इकडं बघा. हृदयाच्या दोन कप्प्यांमधे भिंत असते. हिच्या भिंतीला जन्मापासून छिद्र आहे. हे जे रंगीत दिसतंय ना, ते रक्त जायला नको तिकडं जातंय."

धोंडू पुढे वाकला. शेताचा बांध फुटला की वरच्या कुणग्यातलं, वरच्या खाचरातलं, पाणी कसं चोरासारखं खालच्या कुणग्यात उतरतं, तसंच ते दिसत होतं. लहानपणी असा बांध त्यानं स्वतः चिखल थापून बुजवला होता.

"ह्या बुजवूक येता?" त्यानं विचारलं.

"येतं. पण आता थांबायला नको," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर धोंडूची बायको सुगंधा एकच म्हणाली, "आधी कौल लावा."

धोंडूनं चपला काढून कोपऱ्यात नीट लावल्या.

"तुमी कित्याक गप बसलात? लोकांच्या म्हशीसाठी देवाक उभो करतात. आपल्या नातीसाठी नाय?"

"आई, काय यार," हर्षद वैतागला. "डॉक्टरांनी मशीनवर दाखवलंय. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की त्या दगडावर?"

"दगड म्हणू नको रे," धोंडू एकदम म्हणाला. मग सुगंधाकडे वळला. "मी कौल लावचंय नाय. विहिरीत वाकान बघलंय मी."

त्या दिवसापासून सुगंधा त्याच्याशी बोलेनाशी झाली. जेवण वाढी, पण ताट जरा जोरात ठेवी. भाजीत मीठ कमी पडलं तर बरणी त्याच्यापासून दूर सरकवी. म्हातारपणी बायकोचा अबोला ही काही लहान शिक्षा नव्हे.

ऑपरेशनची तारीख ठरली. आदल्या दिवशी भरती व्हायचं होतं. त्या सकाळी हर्षद रिक्षा आणायला खाली गेला. सून ऋतिका आधीच हॉस्पिटलात कागदपत्रांच्या रांगेत उभी होती. जान्हवी नवा फ्रॉक घालून दारात, आणि तिची पिशवी कुठे दिसेना. धोंडूनं शोधली तर ती पलंगाखाली, आतलं सगळं काढून घडी करून परत कपाटात ठेवलेलं.

सुगंधा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. डोळे लाल.

"सुगंधा, ह्या काय केलंस?"

"चेडू जावचा नाय." तिनं दारातल्या नातीकडे बोट केलं. "काल दुपारी तुमी खाली गेल्यार मी लावलंय कौल. डावो पडलो."

धोंडूनं रिकामी पिशवी खुर्चीवर ठेवली. लग्न झाल्यापासून या बाईनं कधी देवाच्या पाषाणाला ओलं बोट लावलं नव्हतं. गुरवाचा मान तो गुरवाचाच. आणि तिनं तो घेतला होता, चोरून, एकटीनं, नातीसाठी.

त्याला राग आला नाही. त्यानं वर बघितलं. देवाच्या डोक्यावर, किंचित डाव्या अंगाला, पंखा गरगरत होता.

"काल पंखो चालू होतो?"

"होतो. उकडत नाय होता काय?"

"वारो डाव्या बाजूक लागता गो. तिकडचा पाणी आधी सुकता. मी कौल लावतंय तेव्हा पंखो बंद करतंय, कधी बघलंस नाय?"

सुगंधानं नाक पुसलं आणि मान वर केली. "मगे देवाक पंखो थांबवूक येणा नाय काय?"

जन्मभर देवाची उत्तरं लोकांना सांगणारा धोंडू गुरव बायकोसमोर जमिनीवर बसला. दारात जान्हवी एका पायावर उभी राहून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"येता," तो म्हणाला. "तेका सगळा येता. माकाच येणा नाय. खरा सांगू? मी कौल लावलंय नाय, कारण माका भ्या वाटला. डावो पडलो असतो तर मी काय केलं असतंय? जन्मभर देवाचा आयकलंय. ह्या खेपेक माझ्याच्यान झाला नसता. बापाशीचा वाक्य होता म्हणान सुटलंय. तेनी सांगल्यान ता खरा आसा. जा दिसता, ता बघूची जबाबदारी आपली. देवाच्या गळ्यात घालूची नाय."

देवाच्या माणसाला भीती वाटते हे सुगंधाला ठाऊक नव्हतं. मग ती उठली, तिनं पंख्याचं बटण बंद केलं, कपाट उघडलं आणि फ्रॉक, टॉवेल, पोरीचा दात घासायचा ब्रश एकेक करून पिशवीत भरायला लागली.

"आज्ये, माझी बाहुली पण," जान्हवी म्हणाली.

"तिका पण घेतंय. तिका खय सोडूचा?"

ऑपरेशन झालं. पोरीला रक्तपेढीतलं रक्त चढवावं लागलं. त्या दिवसाबद्दल धोंडू फारसं सांगत नाही. बाकावर सुगंधानं त्याचा हात धरून ठेवला होता, चार माणसांत, लग्नानंतर पहिल्यांदा. आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या टोपीखालून घाम ओघळत होता आणि त्या हसत होत्या. तो घाम त्याला अजून आठवतो. एका परक्या बाईनं आपल्या नातीसाठी असा घाम गाळला.

पोर घरी आली, बरी झाली, आणि एका रविवारी धोंडू पंचा घेऊन देवापुढे उभा राहिला. शेजारपाजारचे जमले. त्यानं पाकळ्या लावल्या आणि सवयीनं पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"ऱ्हवांदे," सुगंधा म्हणाली. "आज काय विचारूचा नाय. नुसता सांगूचा आसा."

त्यानं हात मागे घेतला आणि पोटातून आवाज काढला.

"बा देवा रवळनाथा, महाराजा..."

"होय महाराजा," माणसं म्हणाली.

"जेनी चेडवाच्या काळजाचो बांध बुजवल्यान, ती बाई सुखी ऱ्हवांदे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"जेंच्या रगतार ह्या पोर जगला, ती माणसां खयची, कुठल्या जातीची, कुठल्या देवाची, माका ठावक नाय. तुका ठावक आसा. तेंच्या घरात दिवो जळत ऱ्हवांदे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"जेनी काळजात बघूचा यंत्र केल्यान, खयच्या मुलखातलो तो, तेच्या पोराबाळांक बरा ठेव रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज जान्हवीचा होता, आणि ओरडून ती दमली नाही.

वर पंखा गरगरत होता. पाकळ्या सुटल्या, जमिनीवर उडाल्या. डावी आधी की उजवी, कुणी बघितलं नाही. जान्हवी त्या गोळा करायला धावली.