तीनशे खोडून दोनशे

खरेदीत फसलेला माणूस आधी कुणाला काही सांगत नाही. मग एक दिवस दुसरा कुणीतरी तसाच फसलेला भेटतो आणि त्याला कंठ फुटतो! असे किस्से कुणी जमवायला जात नाही, ते आपसूक साचतात.

आमचे साचले ते हबीबमियाँच्या टेलरिंगच्या दुकानाच्या ओट्यावर. जालना, पोलीस ॲक्शनच्या आधीचं वर्ष. मी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. काम आटोपलं की ओट्यावर जाऊन बसायचो. नामदेव पेंटर असायचा, आणि वाटूरहून शहरात येऊन राहिलेले गोविंदराव. ते बैलबाजारातले दलाल.

गोविंदरावांचा एकुलता एक विठ्ठल स्टेटाच्या सरहद्दीपलीकडे, स्टेटाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात निघून गेला होता. निरोप नाही, काही नाही. पलीकडच्या स्टेशनवर सरहद्दीच्या बातम्या लागतात असं कुणीतरी सांगितलं आणि म्हातारा रेडिओ घेण्याच्या मागे लागला. ते स्टेशन ऐकताना सापडलं तर काय होईल, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. त्यावर कुणी बोलायचं नाही.

*

स्टेशन रोडवर मुंबईहून आलेल्या एका शेठनं रेडिओ-टॉर्चचं दुकान थाटलं होतं. बाहेर बोर्ड: रेडिओचा भाव तीनशे, त्यावर लाल फुली, खाली ठसठशीत दोनशे. वर ‘सेल’! हा शब्दच आम्हाला नवा.

गोविंदराव हरखून म्हणाले, "शंभर रुपये उतरिवले की रं! जल्दी करा, न्हाईतर पुन्हा चढंल."

नामदेव खाली मान घालून बिडी ओढत होता. बोर्ड त्यानंच रंगवलेला.

"काका, दोन्ही आकडे मी एकाच दिवशी काढले," तो म्हणाला. "शेठ म्हनला, आधी तीनशे काढ. वाळलं की खोड!"

*

त्या दुकानात टॉर्च घ्यायला आधी मीच गेलो होतो. भाव विचारला, पाच रुपये. मी दहाची नोट दिली. शेठनं उलटीसुलटी करून पाहिली.

"हाली?" तो म्हणाला. "भाव कलदारमध्ये आहे."

हाली म्हणजे स्टेटाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. कलदार जड. म्हणजे पाचाचे पावणेसहा झाले. ठीक आहे म्हटलं, परत द्या राहिलेले. त्यानं वरचे बारा आणे कापून सव्वाचार हाली हातावर ठेवले आणि तेच बारा आणे पुन्हा माझ्याकडे मागायला लागला.

ओट्यावर हे सांगितल्यावर हबीबमियाँ हसून हसून सुई टोचून घेता घेता वाचले. "बाबू, घ्यायला कलदार आणि द्यायला हाली. इसका नाम सेल!"

*

मंग चार दुकानं फिरू, असं गोविंदरावांनी ठरवलं. जालन्यात दुसरं दुकान नव्हतं, म्हणून रेल्वेनं औरंगाबाद. मी सोबत. गाडीत झडती चालली होती. पोलीस एकेकाची पिशवी उलटी करत होते. आमच्या पिशवीत भाकरी आणि ठेचा, एवढंच. म्हातारा खिडकीबाहेर बघत बसला होता. पोराचं नाव कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते त्यानं मला जालन्याहून निघतानाच पढवून ठेवलं होतं.

औरंगाबादच्या दुकानदारानं भाव सांगितला सव्वादोनशे. "जालन्याहून आलात? मग तिथंच घ्या ना, तिथं सेल चालू आहे," असंही वर म्हणाला. आम्हाला वाटलं, काय सरळ माणूस!

दुसऱ्या दिवशी आम्ही शेठच्या पायरीवर चढतो न चढतो तोच आतून आवाज आला, "या गोविंदराव. आमचे साडू काय म्हणाले?"

*

तेव्हा हबीबमियाँ पुढे झाले. त्यांना वाटलं, आपण नीट बोलून घेऊ.

"बॅटरी सोबत आहे ना?"

"बॅटरी वेगळी."

"छपरावर लावायची तार?"

"तार वेगळी. लायसन वेगळं."

"मग दोनशेमध्ये काय देऊन राह्यले?"

शेठनं रेडिओवरून प्रेमानं फडकं फिरवलं. "पेटी."

*

आता गोविंदरावांचं डोकं फिरलं. एरवी मवाळ माणूस, पण त्या दिवशी त्यांचा राग मी पहिल्यांदा पाहिला. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, पाच-सात ओळखीचे आडते घेऊन ते दुकानात शिरले आणि खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला.

"शेठ, तोंडानं लई झालं. हात द्या."

बैलबाजारात भाव कधी तोंडानं होत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची. एक बोट म्हणजे शंभर हाली, अर्धं म्हणजे पन्नास. पटलं नाही तर मान हलवून पुन्हा धरायची. मान न हलवता हात काढून घेतला की सौदा पक्का. मग बाप मेला तरी मोडत नाही.

शेठ मुंबईचा. त्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण समोर अख्खा मोंढा उभा, आणि ‘येत नाही’ म्हणायची लाज! त्यानं ऐटीत रुमालाखाली हात घातला, गोविंदरावांनी काहीतरी दाबलं, शेठनं हसून हात काढून घेतला.

"झाला सौदा! दीडशे हाली, बॅटरी-तारेसकट!"

"अहो, मी कबूल कधी केलं?"

सगळे आडते एका सुरात म्हणाले, "हात काढला न्हवं!"

*

रेडिओ ठेवला हबीबमियाँच्या दुकानात, अर्ध्या शिवलेल्या शेरवानीखाली. संध्याकाळी बातम्या लागल्या की गोविंदराव पेटीला कान लावायचे आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून हबीबमियाँ शिलाई मशीन दामटायचे.

एका संध्याकाळी गस्तीचा जमादार थेट आत आला. आष्टीकडच्या बैलबाजारात वाढलेला, आडदांड माणूस. गोविंदरावांनी कसाबसा खटका दाबला. हबीबमियाँ मशीन मारतच राहिले.

जमादार मशीनकडे बघत म्हणाला, "मियाँ, सुई के नीचे कपडा किधर है?"

मशीन थांबलं. जमादारानं शेरवानी उचलली, पेटीवर हात ठेवला. पेटी गरम होती.

"कित्ते में लिया?"

गोविंदरावांना शब्द फुटेना, तेव्हा सवयीनं त्यांनी खांद्यावरचा रुमाल ओढला आणि हात पुढे केला. जमादारानं रुमालाखाली हात घातला. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"दीड सौ? हाली? मेरे से दो सौ कलदार लिया वो! बोला, सेल है!"

त्यानं स्टूल ओढलं, बसला. "चालू करो."

गोविंदरावांनी पुन्हा खटका दाबला. पेटी तापलेलीच, लगेच बोलायला लागली. पलीकडचं स्टेशन, ऐन सरहद्दीची बातमी. जमादार डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग उठला, शेरवानी पुन्हा पेटीवर नीट पांघरली आणि दारात थांबून गोविंदरावांना म्हणाला,

"सुबू का सुनो. साफ आता. कॅम्प के लडकों की खबर उसीच में रहती."