माझ्या पायाची रेघ

बाहुबली मगदूम यांच्याविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही. सात वर्षं आमची दुकानं उद्यमनगरात समोरासमोर होती, पण त्यांच्या मंडळींचं नाव मला ते गेल्यावर, चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर वाचून कळलं. ते मूळचे शिरोळकडचे, एवढं ऐकून होतो. त्यांना काय आवडायचं, कशाची काळजी वाटायची, ते मी कधी विचारलं नाही. त्यांच्या दारात रोज किती गाड्या लागतात, हे मात्र मला पक्कं माहीत असायचं. ते मी मोजत होतो.

त्यांची मुलगी सोनल वडिलांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढते आहे. "काका, तुम्ही तर समोरचेच. एखादं पान द्या," म्हणाली. मला धड पत्र लिहिता येत नाही. नाही म्हणणंही जमलं नाही. तिने हे वाचून छापलं नाही तरी चालेल.

मी ज्ञानू मिस्त्री. चाळीस वर्षं गिअरबॉक्स उघडतो आहे. आवाजावरून कुठल्या गिअरचा दात गेला ते सांगायचो, आणि ते ऐकायला माणसं थांबायची. एवढं एकच नाव माझ्याकडे होतं. मग क्लचचं पायडल नसलेल्या गाड्या आल्या. त्यात गिअर कधी बदलायचा ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. वेग किती, पाय किती दाबला, तेल किती तापलं, हे बघून तो बारीक झडपा उघडतो, तेलाचा दाब सोडतो, त्या दाबाने आतल्या प्लेटा आवळल्या जातात आणि गिअर पडतो. प्लेटा मला समजल्या. झडपांपर्यंतही मी पोचलो. पुढं तारा लागल्या आणि मी थांबलो.

जिथं मी थांबलो, तिथं बाहुबली अण्णांनी दुकान टाकलं. तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. टीव्ही दुरुस्त करून घेणं लोकांनी सोडलं, तेव्हा पन्नाशी उलटल्यावर हे शिकला. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्म्याला दोरी, उचगावहून सायकलवर येणं. हाताला कधी काळं तेल लागायचं नाही. मला सगळ्यात खुपायचं ते वेगळंच. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. आयुष्यात क्लच दाबलेला नाही आणि गावभर त्यांना गिअरबॉक्सचे डॉक्टर म्हणायचे! चहाच्या गाड्यावर कोणी त्यांचं कौतुक काढलं, की मी निम्मा चहा टाकून उठायचो.

शिरोळचे अमरसिंह माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मोठ्या ऑटोमॅटिक गाडीच्या प्लेटा झिजल्या होत्या. मी गिअरबॉक्स उतरवून नव्या प्लेटा भरल्या. असं नेटकं काम मी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं. चौथ्या दिवशी ते गाडी घेऊन परत दारात उभे.

"मिस्त्री, ही काय बैलगाडी केलीसा व्हय? दुसऱ्यातनं तिसऱ्यात जाताना पाठीत बुक्की बसतीया!"

मी चालवून बघितली. खरंच बसत होती. खालून-वरून तपासली, कुठं चूक सापडेना.

"मी परवा न्यायला येतो," अमरसिंह जाताना म्हणाले. "न्हायतर समोरच्या अण्णास्नी दावा. त्येंचं ऐकून हाय मी."

ते माझ्या दारात उभं राहून बोलले. समोर ऐकू गेलंच असणार. मीच रस्ता ओलांडून गेलो. चाळीस वर्षांत मी कोणाला विचारायला गेलो नव्हतो. अण्णांनी लॅपटॉप जोडला, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "काम तुमचं एक नंबर झालंय, मिस्त्री. ह्येला ते कुणी सांगितलं न्हाय, एवढंच."

"कुणाला?"

"ह्या कॉम्प्युटरला. रानात पाणी पाजायला दारं धरणारा गडी असतो न्हवं का? वाफा लांब असला की पाणी जास्त वेळ सोडायचं, ही त्येला सवय. प्लेटा झिजल्या, मधली फट वाढली, तसं हा जास्त तेल सोडायला शिकला. तुमी नव्या प्लेटा घातल्यासा. वाफा आखूड झाला की! पर गड्याला कोण बोललंच न्हाय. त्यो पयल्याइतकंच सोडतोय. मग बांध फुटंल, न्हायतर काय?"

मला तत्काळ समजलं, आणि समजलं म्हणून जास्त राग आला. किती सोपं होतं.

जुनं शिकलेलं त्यांनी पुसलं. आता गाडीला नव्याने शिकवायचं होतं. तेल तापल्यावर अगदी हलक्या, एकसारख्या पायाने पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत न्यायची, सावकाश थांबवायची, परत तेच. पाय जोरात पडला तर गाडी काही शिकत नाही.

"पर मला चालवायला येत न्हाय," अण्णा हसून म्हणाले. "तुमीच चालवा की."

दुपारी चारला आम्ही हुपरी रस्त्याला लागलो. ते शेजारी, मांडीवर लॅपटॉप. उचगाव मागं पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि माझ्या मनात आलं की हे जमलं तर अमरसिंहांसारखं गिऱ्हाईक गेलं. नुसतं तेही नाही. सगळीकडे बोललं जाईल, ज्ञानूला जमलं नाही ते अण्णाने दहा मिनिटांत केलं. मी ॲक्सिलरेटर दाबला. तिसऱ्याला जरा जास्त, चौथ्याला अजून जास्त. मुद्दाम. असं, की बघणाऱ्याला वाटावं म्हाताऱ्याचा पाय जड आहे.

गाडीने पाठीत बुक्की घातली.

"परत एकदा घेऊया?" अण्णा म्हणाले. "तेल अजून तापलं नसंल."

परत घेतली. मी परत तेच केलं. चार फेऱ्या झाल्या. त्यांनी घड्याळ बघितलं नाही, पण ऊन कुठवर आलंय ते काचेतून बघत होते. दिवस मावळायच्या आत जेवण, नंतर काही नाही, हा त्यांचा नेम. एरवी साडेपाचला त्यांची सायकल निघायची. आम्ही उद्यमनगरात परतलो तेव्हा दिवे लागले होते.

"तुमचं जेवण राहिलं," मी म्हणालो.

"आज भूकच न्हाय," ते म्हणाले. "उद्या सकाळी बघू. माझंच कुठंतरी चुकलं असंल."

घरी माझ्या ताटात भाकरी आली, ती मी तशीच झाकून ठेवली. सकाळी आम्ही परत निघालो. मी पाय हलका ठेवला. तिसऱ्या फेरीला गिअर कधी पडला ते कळलंसुद्धा नाही. अमरसिंह आले, स्वतः चालवून आले, खूश होऊन म्हणाले, "कुणी केलं ह्ये?"

"मिस्त्रींनीच," अण्णा म्हणाले. "मी नुसता शेजारी बसलोतो."

मिस्त्रींनीच, हे मी तसंच राहू दिलं. अण्णांबद्दल कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटला तो मत्सरच. आता चांगुलपणातही ते पुढं गेले होते.

त्यानंतर गाडीला शिकवायचं असलं की ते मलाच बोलवायचे. वर्षभराने अशाच एका फेरीत त्यांनी चष्मा पुसायला लॅपटॉप माझ्याकडे कलता ठेवला. पडद्यावर एक हिरवी रेघ चालत होती. मी थांबायला ब्रेक दाबला, तशी ती खाली बसली.

"ही रेघ कसली, अण्णा?"

"त्यो तुमचा पाय. ॲक्सिलरेटर किती दाबला, कवा दाबला, समदं दिसतंय."

मी विचारलं, "पयल्यापासनं ह्योच लॅपटॉप वापरतासा?"

"व्हय की. दुसरा कुठला आणू?"

ते चष्मा लावून परत बघायला लागले. त्या दिवशी हुपरी रस्त्यावर चार वेळा ही रेघ उसळलेली त्यांनी बघितली होती. आणि मांडीवर ती घेऊन, उपाशी राहून म्हणाले होते, माझंच चुकलं असंल.

तेव्हापासून अकरा महिने मी अण्णांशी ते बोलायचं ठरवत होतो. अमरसिंह यांनाही खरं सांगायचं होतं. रोज अण्णांच्या दारातल्या गाड्या मोजायचो आणि रोज उद्यावर ढकलायचो. मागच्या डिसेंबरात एका संध्याकाळी मात्र धीर करून रस्ता ओलांडला. ते पिशवी भरत होते. दोन दिवसांनी ते झोपेतच गेले, पण त्या वेळी चांगले धडधाकट होते.

"अण्णा, एक बोलायचं हुतं."

"बोला की, मिस्त्री."

मी बाहेर बघितलं. ऊन समोरच्या पत्र्याच्या कडेला आलं होतं.

"दिवस बुडायला आलाय. जेवायचं बघा."

"निघालोच. तेवढा शटरला हात लावा, एका बाजूनं अडकतंय."

"धरलंय. ओढा."