आक्काचा डोळा

रोज सकाळी चहाच्या आधी आबा अंगणातल्या गुलाबापुढे उकिडवे बसायचे आणि काडीवरून अंगठा फिरवायचे, खालून वर. प्रत्येक पेराशी अंगठा थांबायचा, तिथला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, चाचपायचा, पुढे सरकायचा. ओठ हलायचे, आवाज नसायचा. सगळे डोळे मोजून झाले की गुडघ्यावर हात टेकून उठायचे आणि आत येऊन आईला म्हणायचे, "शुभांगी, टाक चहा."

ही द्राक्षातल्या माणसाची सवय. माझे आजोबा, गोटीराम, चाळीस वर्षं निफाडच्या बाजूला द्राक्षबागांच्या छाटणीला गेले, त्यातली पंचवीस टोळीचे मुकादम म्हणून. काडीवर किती डोळे ठेवायचे यावर बागेचं सालभराचं पीक ठरतं, आणि तो आकडा आबांच्या अंगठ्यात होता. कितीही शिकलेला बागायतदार असो, छाटणीच्या दिवशी तो आबांच्या मागे मागे फिरायचा. काम सुटल्यावर त्यांची कात्री आमच्या खिडकीत आली. गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळलेली असायची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा आईनं घाईत त्या कात्रीनं दुधाची पिशवी कापली, तर आबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, नुसते धार लावत बसले.

पण गुलाब त्यांचा नव्हता, आक्काचा होता.

आक्का म्हणजे माझी आजी, आक्काबाई. ती जानोरीकडच्या एका पॉलीहाऊसमध्ये डोळे भरायला जायची. रानगुलाबाच्या खुंटाला सालीत एक चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा एक डोळा सोलून त्या चिरेत बसवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी बांधायची. मुळं खुंटाची आणि फूल डोळ्याचं. दिवसाला तीनशे डोळे भरायची ती, आणि त्यातले फार थोडे वाया जायचे.

मालकानं गुलाब काढून ढोबळी मिरची लावायचं ठरवलं, त्या शेवटच्या दिवशी आक्का अकराव्या ओळीतली एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली.

"एवढ्या उशिरा कोणती गाडी मिळाली तुला?" आबांनी विचारलं.

"अकरा नंबरची बस," ती म्हणाली. म्हणजे फाट्यापासून पायी. "आणि आणलाय बी अकरा नंबरच."

एकलहरे रस्त्यावरच्या आमच्या घरापुढे दोन खाटा मावतील एवढी बाग आहे. पप्पा वीजकेंद्रात नोकरीला, त्यांना बागेला वेळ नसतो, त्यामुळे ती सगळी आक्काचीच. कोपऱ्यात तिनं आधीच एक खुंट लावून ठेवला होता. त्याला, अगदी मातीजवळ, तिनं तो डोळा भरला. पुढच्या थंडीत त्यावर फूल आलं. एका लांब दांड्यावर एकच, पाडाच्या आंब्यासारखं, कडेला गुलाबी. नर्सरीवाले अशा गुलाबाला हायब्रिड टी म्हणतात. आमच्या घरात त्याचं नाव अकरा नंबरच राहिलं.

आबा कौतुकानं जवळ गेले की आक्का आतून ओरडायची, "द्राक्षाला तुम्ही, गुलाबाला मी. कात्री तिकडंच ठेवा."

"मी काय खातो का तुझ्या गुलाबाला?"

"खाणार नाय. मुंडन करणार."

आक्का गेली त्याला आता तीन वर्षं झाली. चार दिवसांचा ताप, मग दवाखाना, मग नाही. दहावं झाल्यावर दुसऱ्या सकाळी आबा पहिल्यांदा त्या झाडापुढे जाऊन बसले आणि डोळे मोजायला लागले. पहिल्या थंडीत त्याला चार फुलं आली. आईनं फोटोला वाहायला एक तोडायचं म्हटलं, तर आबांनी तोडू दिलं नाही. चारही फुलं झाडावरच सुकली.

दुसऱ्या वर्षी झाड बसलं. काड्या शेंड्याकडून काळ्या पडायला लागल्या आणि तो काळेपणा रोज बोटभर खाली यायचा. आबांचा रोजचा आकडा कमी व्हायला लागला. चहा पिताना ते तो सांगायचे, "आज एकोणीस." आठवड्यानं, "चौदा."

"बाबा, नर्सरीतून दुसरं आणतो की," पप्पा म्हणाले.

"आण. मी कुठं नको म्हणतो? पण हे मरू द्यायचं नाय, महेश. त्या पॉलीहाऊसात आता मिरच्या हायेत. हा डोळा दुसरीकडं कुठं नाय."

एप्रिलमध्ये त्यांनी कात्री काढली. एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी होते. जुनं सगळं लाकूड काढायचं, एकदोन डोळे ठेवायचे, आणि थकलेली वेल त्याच्यावर पुन्हा उभी राहते. आबांनी हजारो वेली अशा उभ्या राहताना पाहिल्या होत्या. गुलाब छाटायचा तो पाऊस संपल्यावर, हे आक्काला ठाऊक होतं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण त्यांनी कात्री लावायचीच नव्हती. आबांनी दोन डोळे ठेवून झाड खाली आणलं. कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याची निळी पेस्ट लावली. मग उन्हाचा ताव लागू नये म्हणून शेणखत आणि माती बुडाशी चढवली, चांगली वीतभर.

द्राक्षाचं कलम गुडघ्याशी असतं. गुलाबाचं मातीशी असतं. ते मातीखाली गेलं.

मेच्या मध्यावर फूट निघाली. त्या सकाळी आबांनी मला हाक मारून बाहेर बोलावलं. ढिगातून तीन हिरवेगार कोंब बाहेर आले होते, बोटाएवढे जाड. आणि वरच्या दोन डोळ्यांपैकी एकातून एक बारीक, लालसर फूट, वाकडी, जेमतेम दोन पानांची.

"ही बघ," आबा त्या बारक्या फुटीला नख लावत म्हणाले, "ही फेल."

"नापास?"

"नापासच. असली नाजूक फूट नुसती अन्न खाते, देत काय नाय. द्राक्षात पहिली हीच काढायची. मग बाकीच्यांना जोर येतो."

त्यांनी ती अलगद मोडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पानं आक्काच्या गुलाबाच्या कोवळ्या पानांसारखी, वाइनच्या रंगाची होती. छान वाटली म्हणून थोडा वेळ धरली. मग फोन वाजला, आणि आत जाताना ती मी तुळशीच्या कुंडीत टाकली.

पावसाळ्यात झाड खिडकीला लागलं. आबांनी दोऱ्या बांधल्या, बांबू लावला. कुणीही आलं की आधी बाहेर नेऊन दाखवायचे. आकडा आता सांगण्यापलीकडे गेला होता. "मोजणं होत नाय," ते म्हणायचे, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांनी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. दसरा गेला. कळी नव्हती. दिवाळी गेली.

"जोर फार धरलाय," आबा म्हणाले. "येईल."

दिवाळीनंतर वत्सलाबाई आल्या. त्या आणि आक्का एकाच ओळीत डोळे भरायच्या, समोरासमोर बसून. फाटकातूनच त्या म्हणाल्या, "काय मुकादम, गुलाब लावलाय का कुंपण?"

"तुझ्या मैत्रिणीचा अकरा नंबर हाय."

वत्सलाबाई हसत हसत जवळ गेल्या. एक पान हातात धरून त्याच्या देठावरची बारकी पानं मोजली. मग दुसरं धरलं. सात. अकरा नंबरला पाच असायची. हसणं थांबलं. त्या खाली बसल्या आणि बोटांनी बुडाची माती उकरायला लागल्या. फांद्यांच्या आड दडलेलं जुन्या काडीचं थोटूक मोकळं झालं, काळं, वाळलेलं, टोकाला अजून थोडा निळा रंग. त्याच्या वीतभर खालून, खुंटातून, हिरव्या जाड फांद्या वर गेल्या होत्या.

"मुकादम, हा तर रानगुलाब वाढलाय. खुंटाची फूट." त्यांनी थोटकाला बोट लावलं. "हिच्या डोळ्याला काहीच फुटलं नव्हतं का?"

आबा थोटकापुढे उकिडवे बसले.

"फुटलं होतं," ते म्हणाले. "लाल होती. बारीक. मी फेल समजून काढली."

वत्सलाबाईंनी माती परत लोटली, हात लुगड्याला पुसले. "असू द्या. खुंट तरी आक्कानंच लावलेला."

"खुंट कुणीबी लावतं, वत्सला. डोळा तिचा होता."

त्यांना चहा दिला, त्या गेल्या. संध्याकाळी मी तुळशीच्या कुंडीत हात घालून पाहिलं. सहा महिने झाले होते. तिथं काय असणार?

दुसऱ्या सकाळी आबा बाहेर गेले नाहीत. चहा समोर आला तेव्हा प्यायले. पप्पांनी झाड काढून टाकू का म्हणून विचारलं, तर पेपर उघडून बसले. पप्पांनी एका रविवारी नर्सरीतून पिवळा गुलाब आणला, नावाची चिठ्ठी बांधलेला. आबांनी त्याला पाणी घातलं, जसं तुळशीला घालायचे, तसंच. अंगठा लावला नाही. निफाडहून एका बागायतदाराचा मुलगा मुद्दाम गाडी घेऊन आला होता, नुसतं बागेत फिरून बघा म्हणाला. आबांनी त्याला सांगितलं की आता दिसत नाही नीट. त्यांना दिसत होतं. पेपर ते चष्म्याशिवाय वाचायचे.

फेब्रुवारीत रानगुलाबाला फुलं आली. पांढरी, बारकी, झुबक्यांनी. गल्लीतल्या बायका थांबून बघायच्या. आबांनी खाट त्या खिडकीपासून आतल्या भिंतीकडे सरकवून घेतली.

मार्चमधल्या एका दुपारी ते जेवायच्या आधी जरा पडले आणि उठले नाहीत. त्या दिवशी सकाळी आई बाहेर कपडे वाळत घालत होती. रानगुलाबाची एक फांदी दोरीवर आली होती, तिचा काटा आईच्या ओढणीत अडकला. आबा दारात बसले होते.

"आबा, एवढी ही फांदी कापा ना," आई म्हणाली.

त्यांनी फांदीकडे पाहिलं.

"तूच काप," आबा म्हणाले. "कात्री खिडकीत हाय."