दादा विमानात बसले!

आमच्या शनवारा भागातल्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात दिवसाला तिकिटं निघतात तीन आणि किस्से निघतात तीस! घरी जाऊन सांगायला बसले की भाजी करपते, पण माझं संपत नाही.

मालक सुधाकरभाऊ. वीस वर्षं बसचं बुकिंग केलं आणि एक दिवस ते बंद करून विमानाच्या नादी लागले. गावात विमानतळ नाही, विमान पकडायला इंदूर गाठायचं, पण बोर्डावर विमान केवढं! अडचण एकच. भाऊंचे वडील, केळीवाले दादा, विमानात बसायला तयार नाहीत. आणि जो येतो तो म्हणतो, "भाऊ, पहिले बापाला बसवा, मग आम्ही बसतो!" दादा बसले नाहीत तर भाऊंचं दुकान बंद, आणि माझी नोकरीही.

*

आमच्या गावातल्याच लालबागचे एक व्यापारी आले. "दिल्लीचं विमान जेवायला कुठे थांबतं?"

"काका, मध्ये नाही थांबत."

"चहाला?"

"चहालाही नाही."

काका विचारात पडले. "मग ड्रायव्हर जेवतो कधी?"

काकांनी रेल्वेनं जायचं ठरवलं. उपाशी ड्रायव्हरवर त्यांचा भरवसा नव्हता.

*

सिंधीपुऱ्याच्या एका ताईंचा फोन. "भाऊ, इंदूरच्या रस्त्यात बडवाहच्या पुलावर जाम लागलाय. विमान जरा रोकून धरा ना!"

बसवाल्या भाऊंची जुनी सवय! "या आरामात ताई, रोकतो!" म्हणाले, फोन ठेवला आणि डोकं धरून बसले. "अरे यार, हे मी काय बोलून गेलो?"

पण नशीब बघा, त्या दिवशी विमानच तीन तास लेट! ताईंना ते मिळालं. त्यांनी गावभर सांगितलं, "आपल्या भाऊंची वट आहे हो, विमान रोकलं!"

पुढच्या आठवड्यात चौघं गिऱ्हाईकं त्याच भरवशावर आरामात चहा पिऊन निघाली. चौघांचंही विमान गेलं. शिव्या कोणी खाल्ल्या? मी! काउंटरवर मी असते ना.

*

भाऊंनी दादांना मोबाइलवर विमानाचे व्हिडिओ दाखवले. दादांनी शांतपणे पाहिले. मग म्हणाले, "बैल बिथरला तर गाडीतून उडी मारता येते. यातून कुठं मारू?"

भाऊ दोन दिवस जेवले नाहीत धड.

*

मग बंगळुरूला भाऊंच्या बहिणीला, सुनंदाला, मुलगी झाली. दादा स्वतः ऑफिसात हजर! "सुधाकर, काढ तिकीट. मले नातीले पाहाचं हाय. उद्याचंच काढ."

भाऊंनी पेढे वाटले. नातीचे की तिकिटाचे, त्यांनाच ठाऊक! दोन जीप भरून माणसं इंदूरला पोचवायला गेली.

आठवड्याने शाळेतल्या एक बाई आल्या. लेकीकडे हैदराबादला जायचं होतं. पर्स उघडली, पण मन काही होईना. "दादा खरंच बसले का हो?"

"त्यांनाच विचारा!" भाऊंनी फोन लावून स्पीकरवर टाकला. "दादा, विमानात कसं वाटलं?"

"झ्याक! बसलो की पोचलो."

भाऊंनी आमच्याकडे अशा ऐटीत पाहिलं! "मग परतीचं काढू?"

"नको. येताना रेल्वेचं काढ."

"का? भेव वाटलं?"

"भेव कायचं रे! लेकीच्या घरून निघालं की रडू येतं. रेल्वेत एक रात भेटते. खिडकीकडं तोंड केलं की कोणाले दिसत नाही. हे विमान दोन घंट्यात उतरवून देतं. ओले डोळे घेऊन गावात कसा येऊ?"

भाऊंनी घाईघाईने फोन बंद केला. मला बाईंकडे बघायचा धीर होईना.

बाईंनी पदराने चष्मा पुसला.

"भाऊ, जातानाचं विमानाचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "येतानाचं तेवढं रेल्वेचं काढा."