त्याच्याच गल्लीत

मला बेंगळुरूत येऊन तीनच वर्षं झालीत. परवा मारतहळ्ळीहून चामराजपेटला मैत्रिणीकडे निघाले होते. मी आईशी फोनवर बोलत होते, ते ऐकून रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. साठीचा माणूस, खाकी शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या.

“मराठी काय अक्का? आम्हीबी.” पत्ता सांगताच तो हसला. “माझीच गल्ली की ती! जन्मलो तिथं. मॅप बंद करा.”

चामराजपेट आल्यावर तो बोट दाखवू लागला. इथं पिठाची गिरणी, इथं आमची शाळा. मला त्या जागी मोबाइलची आणि कपड्यांची दुकानं दिसत होती. पुढचा रस्ता एकेरी झालेला निघाला. दोन वळणं घेऊन आम्ही पुन्हा त्याच कोपऱ्यावर आलो. त्यानं एका वॉचमनला कन्नडमध्ये गल्ली विचारली. वॉचमन हिंदीत म्हणाला, “मालूम नहीं.”

रिक्षावाला परत येऊन बसला. “स्वल्प मॅप लावा अक्का. घर सोडून वीस वर्षं झाली, पण गल्ली कुठं जाईल?”

मी डावं-उजवं सांगत गेले. तो प्रत्येक वळणावर कन्नडमध्ये “सरी, सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणत होता. मैत्रिणीच्या दारात उतरून मी म्हटलं, “हीच गल्ली.”

त्यानं दोन्ही बाजूंच्या इमारती पाहिल्या. “मॅप हीच म्हणतो?”

मी फोन पुढे केला. गल्लीचं नाव त्यानं दोनदा वाचलं. “मग असंल,” म्हणाला.

त्याला पटलं की नाही, मला कळलं नाही. मैत्रिणीच्या गॅलरीतून पाहिलं, तर तो रिक्षा लावून एकेका फाटकातून आत डोकावत चालला होता.