थरथर थांबेपर्यंत

पट्टी दाबून ते पियानोच्या लाकडावर तळहात ठेवत, मान तिरकी करत आणि आजाऱ्याच्या उशाशी बोलावे तसे हळूच म्हणत, “अजून थरथरतंय.”

आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. घराणे मिरजेचे, तंबोरे करणाऱ्यांचे. पियानोकडे ते कसे वळले, हे त्यांनी कधी नीट सांगितले नाही. वर्षातून दोनदा ते एसटीने साताऱ्याला येत, आई ज्यावर मुलांना शिकवते तो आमचा पियानो सुरात लावत आणि पुढे पाचगणीच्या शाळांकडे जात. वस्तूंशी माणसांसारखे बोलणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. चाचा मात्र वस्तूंचे ऐकूनही घेत.

दमट हवेत लाकूड फुगू नये म्हणून त्यांनी पियानोच्या पोटात एक छोटा पिवळा बल्ब बसवला होता. मी तेव्हा पदार्थविज्ञान शिकत होते. वीज वाचवण्याच्या उत्साहात मी त्या जागी एलईडी लावला.

“ह्यो कुणाचा शानपना?” पुढच्या खेपेला चाचांनी विचारले.

“माझा. उजेड तेवढाच, वीज कमी.”

“उजेड कशाला पियानोला? पुस्तक वाचायचंय व्हय? ऊब पायजे, पोरी, ऊब!”

उष्णता आणि प्रकाश यांवर मला परीक्षेत उत्तम गुण होते. पिवळा बल्ब मी त्याच दिवशी परत लावला.

पुढे मी मोबाइलवर स्वरांची कंप्रता मोजू लागले आणि मला नको ते दिसले. चाचांनी लावलेले वरचे सप्तक सुरातून हललेले होते. वयानुसार कान आधी उंच स्वर गमावतात, हे मला ठाऊक होते. पुढच्याच आठवड्यात एका शाळेच्या संमेलनाचा पियानो ते लावणार होते, हेही. बोलले, तर त्यांचे काम जाणार होते. न बोलले, तर मुले बेसूर वाद्यावर वाजवणार होती.

“चाचा, वरचे स्वर हललेत. मी मोजलं.”

बशीत चहा ओतणारा हात थांबला. “कवापासनं?”

“मागच्या खेपेलाही.”

“मग तवाच का न्हाई बोललीस?”

ते उठले. “ते मशिन ठेव बाजूला. हितं बस.”

वरच्या प्रत्येक स्वराला तीन तारा असतात. त्या तंतोतंत एक झाल्या नाहीत, तर आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो. पाठ्यपुस्तकात याला विस्पंद म्हणतात. त्याचे सूत्र मला पाठ होते. तो ऐकला मात्र मी त्या दुपारी, पहिल्यांदा.

“थरथर थांबली की बोट वर कर.”

ते तारेच्या खुंटीवरची चावी केसभर फिरवत. मी बोट वर करत असे. एकदा मी घाई केली. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिले.

“थांबली, का तू कंटाळलीस?”

मी बोट खाली घेतले.

शेवटचा स्वर लागल्यावर त्यांनी आमच्या फोनवरून शाळेला कळवले, “वरलं सप्तक मला ऐकू येत न्हाई, सर. पुण्याचा माणूस बोलवा.” मग गार झालेला चहा एका घोटात संपवून ते आईला म्हणाले, “आवं बाई, साखर लय झाली आज.”

त्यानंतर ते फक्त आमच्याकडे येत. हात त्यांचे, कान माझे. मागच्या उन्हाळ्यात मिरजेहून चाचा गेल्याचा त्यांच्या सुनेचा फोन आला आणि ते येणेही थांबले.

यंदा पुण्याहून नवा ट्यूनर आला, तरुण, नीटनेटका. झाकण उघडून म्हणाला, “हा जुना बल्ब काढून एलईडी बसवू का?”

“नको,” आई आणि मी एकदम म्हणालो.

दोन तासांनी त्याच्या यंत्राच्या पडद्यावर हिरवी खूण उमटली. “झालं, मॅडम. परफेक्ट.”

मी सर्वांत वरची पट्टी दाबली. दुसरा तळहात नकळत लाकडावर गेला होता.

“अजून थरथरतंय,” मी म्हणाले, आणि बोट खालीच ठेवले.