सुपातला मुलगा आणि मोंबासाची आगबोट

ती घटना मला आजही आठवते, असं म्हणणं पुरेसं नाही. नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी मी प्रयत्नाने आठवतो. ही एक मात्र विसरायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही, म्हणून लिहितो आहे. कोणाचंही नाव देत नाही. फक्त एका मुलाचं घरातलं नाव द्यावं लागेल, त्याशिवाय गोष्ट कळणार नाही.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी कर्जत ठाण्यात फौजदार होतो, नोकरीला फार वर्षं झालेली नव्हती. एके दिवशी अलिबागहून पासपोर्टच्या चौकशीचे कागद आले. कडावजवळच्या एका गावातली बाई दोन मुलांना घेऊन आफ्रिकेत मोंबासाला निघाली होती. नवरा तिकडे फिटर होता. त्याने चार वर्षांनी बायकामुलांना बोलावून घेतलं होतं. आगबोटीची जागाही ठरली होती. त्या दिवसांत बोटीवर जागा मिळणं मोठं कठीण होतं, ही बोट चुकली तर पुढची कधी ते कोणी सांगू शकत नव्हतं. बोट सुटायला बारा दिवस उरले होते.

लहान मुलांना वेगळा पासपोर्ट लागत नसे, आईच्याच पासपोर्टवर त्यांची नावं चढत. म्हणून पोलिसांनी एवढंच कळवायचं, की बाई ती हीच आणि मुलं तिचीच. असं काम मी एका दुपारात उरकत असे.

पण कागदांपाठोपाठ ठाण्यात एक निनावी अर्ज आला. ‘मुलगी त्या बाईची आहे, मुलगा नाही. पोलीस पाटलाची जन्माची वही पाहावी.’ एवढाच मजकूर होता. मी पाटलाला वही घेऊन बोलावलं. पाच वर्षांपूर्वीच्या पानावर मुलाची नोंद होती, आणि आईच्या जागी शेजारच्या एका म्हाताऱ्या विधवेचं नाव होतं. मी पाटलाला विचारलं, तर तो म्हणाला, “गावानं सांगितलं ते लिवलं, साहेब.” त्याच्या डोळ्यांत थोडं हसू होतं. मला त्याचा राग आला, त्याचा अर्थ मात्र मी शोधला नाही. परक्याचं पोर परदेशी नेण्याचा प्रकार आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाईला बोलावलं. ती मुलाला कडेवर घेऊन आली. पाच वर्षांचा, चांगला दणकट मुलगा, पण ती त्याला खाली ठेवीना.

“मुलाचं नाव काय?”

“दगड्या.”

“हा मुलगा कुणाचा?”

तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, “वहीत आसंल त्याचा.”

“पासपोर्टच्या अर्जावर तर तुझा म्हणून लिहिलंय.”

“लिवणाऱ्यानं लिवलं. मी तोंडानं काय बोलली नाय.”

तासभर हेच चाललं. ठाण्यात खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. खोटं बोलणारा माणूस बोलतो, भरपूर बोलतो. ही बोलतच नव्हती, आणि तेवढा फरक मला कळायला हवा होता. माझा पारा चढला. मी उठलो, तिचा उजवा हात मनगटाला धरला आणि मुलाच्या डोक्यावर ठेवला. “म्हण, हा माझा मुलगा. लगेच सही करतो.”

तव्यावरून काढावा तसा तिने हात काढून घेतला. मुलाला पदराखाली झाकलं आणि दोन पावलं मागे सरली.

मला तो कबुलीजबाब वाटला. मी म्हणालो, “मुलगा इथे ठेव आणि मुलीला घेऊन जा. नाहीतर जाऊ नकोस.”

“मंग मी बी नाय जायाची,” ती म्हणाली. “त्यांना कळवा, तुमी तिकडं नि आमी हिकडं.”

ती गेल्यावर मी अहवाल लिहिला. मुलगा अर्जदार बाईचा नसल्याचा दाट संशय आहे, पासपोर्ट देऊ नये. पाकीट बंद करून सकाळच्या टपालात ठेवायला हवालदाराकडे दिलं. हवालदार खालापूरकडचा, निवृत्तीला आलेला. त्याने पाकीट घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत माझ्या टेबलावर ठेवलं.

“साहेब, पोराचं नाव ऐकलंत न्हवं?”

“ऐकलं. त्याचं काय?”

“आसं नाव कोन हौसेनं ठेवंल? हिची पोरगी जगली, पन आधीचे दोन्ही मुलगे पाळण्यातच गेले. मंग ह्याला जन्मल्या जन्मल्या सुपात घातला नि शेजारणीच्या ओटीत टाकला. तिची पाचही जगली हायेत. पोर तिचं झालं, म्हंजी काळाची नजर हिच्या घरावर पडत नाय. पुढं तांदूळ देऊन सोडवून आनायचं. तवर आईनं माझं म्हनायचं नसतंय.”

मी तिच्याकडून काय म्हणवून घेत होतो, ते आता कळलं. तिच्या लेखी मी तिला मुलाच्या मरणावर हात ठेवायला सांगितलं होतं.

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तुमी बाईला इचारत हुता, साहेब. मला कुटं इचारलंत?”

ती शेजारीण आता खालापूरजवळ लेकीकडे राहत होती. शिपाई पाठवला असता तर म्हातारी घाबरली असती, म्हणून मी त्याच दुपारी स्वतः सायकल काढली आणि पळसदरीवरून निघालो. पोचलो तेव्हा ती अंगणात वाल निवडत बसली होती.

“फौजदार दारात? मी काय केलं रं बाबा, कुनाची कोंबडी मारली?”

मी सगळं सांगितलं. हात धरल्याचंही सांगितलं, ते सांगायला जड गेलं. तिच्या हातातले वाल तसेच राहिले.

“ती बोलली काय?”

“नाही. एक शब्द नाही.”

“मंग वाचलं पोर,” ती म्हणाली आणि सूप बाजूला ठेवलं. “निघायच्या आदल्या दिशी सोडवून नेनार हुती. जितका उशीर, तितकं बरं, आसं तिचं येड. उद्या येते मी. तांदूळ तिचं, सूप माझं. नि तुझ्या कचेरीत जागा झाडून ठेव.”

परतल्यावर मी बाईला तांदूळ घेऊन यायचा निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी कर्जत ठाण्याच्या ओसरीवर ते झालं. म्हातारीने दगड्याला सुपात बसवलं. त्याचे दोन्ही पाय बाहेर लोंबत होते आणि त्याला हसू आवरत नव्हतं. आईने सव्वा पायली तांदूळ म्हातारीच्या ओटीत घातले. म्हातारीने सूप पुढे सरकवलं. “घे गं बाय तुझं. माझ्याकडं लई खाल्लंन् यानं.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आता इचार तिला.”

मी विचारलं नाही, माझी हिंमत नव्हती. बाईनेच मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि सावकाश म्हणाली, “माझा हाय. माझ्या पोटचा हाय.” पाच वर्षांत ती हे पहिल्यांदाच बोलत होती. ओसरीवरचे आम्ही सगळे पुरुष इकडेतिकडे पाहू लागलो.

तिचा सासरा खांबाशी उभा होता. तो आपणहून पुढे आला. “त्यो बिननावाचा अर्ज मी लिवून घेतला, साहेब. खोटं काय नाय लिवलं, वहीतलंच लिवलं. पोर गेलं म्हंजी घरात बोलायचं कुनाशी?” रागावण्याचा अधिकार मी आदल्या दिवशीच गमावला होता. सून मात्र म्हणाली, “मामंजी, मला सांगायचं हुतं. फौजदाराला कशापाई?”

म्हातारीचा जबाब घेतला, ती बाळंतपणाला हजर होती. पाटलाचा जबाब घेतला, पंचांच्या सह्या घेतल्या. पहिला अहवाल फाडला आणि नवा लिहून हवालदाराच्या हाती अलिबागला पाठवला. बोट सुटायला दोन दिवस असताना पासपोर्ट आला, त्यावर आई आणि दोन्ही मुलं होती.

माझं मन तरीही स्वस्थ नव्हतं. असल्या समजुतींवर माझा विश्वास नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. पण समुद्रावर मुलाला काही झालं, तर तिला माझाच हात आठवेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या प्रकरणानंतर मी कोणालाही लेकराची शपथ घातली नाही. गप्प बसलेल्या माणसाला गुन्हेगार समजण्याआधी, त्याचं गाव ओळखणाऱ्या कोणाला तरी विचारायचं, हेही तेव्हाच शिकलो. बहुतेक वेळा असा माणूस ठाण्यातच, आपल्या शेजारच्या टेबलाशी बसलेला असतो.

दोन-तीन महिन्यांनी म्हातारी ठाण्यात आली. मोंबासाहून पत्र आलं होतं. वाचून दाखवणारे खालापुरातही होते, पण ती एवढ्या लांब माझ्याकडेच आली. मी वाचलं. मुलीला बोट लागली. दगड्याला काहीच झालं नाही, तो बोटभर हिंडत होता. बापाने ओळखलं नाही, विचारलं, हा एवढा मोठा कोणाचा? ‘तेव्हा मी माझा म्हणून सांगितलं,’ असं बाईने लिहवून घेतलं होतं.

“ते परत वाच,” म्हातारी म्हणाली.

मी परत वाचलं. मग तिने न सांगताच आणखी एकदा वाचलं. म्हातारीने पत्राची घडी कनवटीला लावली आणि उठता उठता म्हणाली, “नावाचा दगड, पन दर्यात बुडला नाय बघ.”

त्या दिवशी ठाण्यात मी मोठ्याने हसलो. हवालदाराने दारातून डोकावून पाहिलं आणि काही न विचारता चहा सांगायला गेला.